ल्युबेनच्या वर्षाचा गहू

आमच्या डब्यातला हीटर बंद होता. शेजारच्या डब्यात इतकं तापलं होतं की लोक स्वेटर काढून बसले होते, पण तिथं जागा नव्हती. व्हिदिनहून सोफियाला जाणारी गाडी अशीच असते. तक्रार कुणी करत नाही, कारण तक्रार करायची धमक असलेली माणसं आमच्या भागातून केव्हाच निघून गेली. कुणी स्पेनला संत्री तोडायला, कुणी जर्मनीत परक्या म्हाताऱ्यांचं हगणंमुतणं काढायला, आणि उरलेली जमिनीखाली. खिडकीवर बाहेरून कुणीतरी रंगाचा फवारा मारून ठेवला होता. त्यातून बाहेरचा बर्फ जांभळा दिसत होता.

माझी थोरली बहीण वेनेता समोर बसली होती, मांडीवर पातेलं घेऊन. पातेल्याला लोकरीची शाल गुंडाळलेली, तिच्या स्वतःच्या अंगावर मात्र नुसता कोट.

"ताई, खाली ठेव ते. कुणी पळवत नाही."

"पायाशी ठेवू? ल्युबेनचा गहू पायाशी ठेवू?"

"मग दे, वर फळीवर ठेवतो."

"आणि सांडला तर? तू वेचशील? गप बस, नायदेन."

गप बसलो. सत्तरी आली तरी तिच्यापुढं मी गपच बसतो.

पातेल्यात वर्षश्राद्धाचा गहू होता. शिजवून, कापडावर पसरून कोरडा केलेला, अक्रोडाचा कूट घातलेला, वर पिठीसाखरेचा जाड थर आणि त्यावर मनुकांचा क्रूस. हा वाटायचा असतो. घेणारा चमचाभर तोंडात टाकतो आणि म्हणतो, 'देव त्याला क्षमा करो.' तेवढं म्हटलं की मेलेल्याच्या पदरात पडतं, असं वेनेताचं म्हणणं. मेलेल्याला पदर नसतो असं माझं म्हणणं, पण मला कुणी विचारलं नव्हतं.

ल्युबेन तिचा एकुलता एक. सोफियात ट्राम चालवायचा. मागच्या वर्षी याच दिवशी शेवटच्या थांब्यावर सगळे उतारू उतरले, हा उतरला नाही. स्टिअरिंग नसतं ट्रामला, नुसता एक दांडा असतो. त्या दांड्यावर हात तसाच होता म्हणतात. पुरला आम्ही त्याला गावात, बापाशेजारी. चाळिसावा दिवस गावात केला, सहा महिन्यांचा गावात केला. आणि वर्ष जवळ आलं तशी वेनेता अडून बसली. म्हणाली, "गावात त्याला ओळखतं कोण? पोरगा विशीत शहरात गेला तो तिकडचाच झाला. ज्या जिन्यावरून जन्मभर चढला-उतरला, त्या जिन्यावरच्या एकाही माणसानं त्याच्यासाठी तोंड उघडलेलं नाही. तिथं वाटणार. त्याच्या घरात मेणबत्ती लावणार, त्याच्या दारावर पत्रक चिकटवणार, आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकणार. मग मी मरायला मोकळी."

अडचण होती सुनेची. ल्युबेन गेल्यावर मिलित्सा आपल्या आईकडं, सोफियाच्या कडेला ल्युलिनमध्ये, राहायला गेली आणि घर पर्यटकांना रात्रीच्या हिशेबानं द्यायला लागली. वेनेतानं फोन केला तेव्हा मी शेजारी होतो. मिलित्सा म्हणाली, "आई, त्या दिवशी घर भरलंय हो. उन्हाळ्यात बघू ना निवांत."

"मेलेल्याचं वर्ष उन्हाळ्यात करू?"

"तसं नाही म्हणत मी..." आणि मग रेंज गेली. मिलित्साची रेंज नेहमी बरोबर तिथं जाते.

घर भरलेलं नव्हतं. आमच्या सरपंचाच्या कचेरीतल्या पोरीनं फोनमध्ये बघून सांगितलं, "मामा, रिकामं आहे की! या थंडीत कोण मरायला जातंय? फुकटात दिल्यासारखं आहे. घेऊ तुमच्या नावानं?" माझं आडनाव वेगळं, मिलित्साच्या ते ध्यानातही नसणार. घेतलं. म्हणजे आई पोराच्या घरी निघाली होती, पण पाहुणी म्हणून, एका रात्रीची.

मेझ्द्रा स्टेशनच्या अलीकडं टीसी आला. जाडजूड, मिशीला दही लागलेलं. आमची म्हाताऱ्यांची कार्डं बघितली, मग पातेल्याकडं बघितलं. शालीखालून अक्रोडाचा वास येत होता. त्यानं टोपी काढली.

"कुणाचा, आजी?"

"मुलाचा. वर्षाचा."

"अरेरे. तरुण होता का?"

"मला तरुणच."

"द्या की चमचाभर. म्हणतो मी. माझ्या पण आईचं गेल्या महिन्यात झालं." त्यानं हात पुढं केला, तळवा वर करून, आम्ही देवळात करतो तसा.

वेनेतानं शाल आणखी आवळली. "नाही बाबा. हा त्याच्या घरातल्या माणसांचा आहे. मेणबत्ती लागल्याशिवाय झाकण काढायचं नसतं. रस्त्यात कसा वाटू?"

"बरोबर आहे, बरोबर आहे," टीसी म्हणाला, पण हात खाली घ्यायला त्याला जरा वेळ लागला. टोपी घालून तो गरम डब्यात निघून गेला.

"एक चमचा दिला असतास तर काय झालं असतं?" मी म्हटलं.

"मग दुसरा मागेल. मग तिसरा. तिथं पोचेपर्यंत तळ दिसेल. तुला पाच मजल्यांची माणसं किती असतात ठाऊक आहे का?"

सोफियाला उतरलो तर तोंडावर वारा असा बसला की डोळ्यांतून पाणी. स्टेशनपासून चालत गेलो, कारण वेनेताला ट्राममध्ये बसायचं नव्हतं. वर्षभर ती ट्रामकडं बघतसुद्धा नाही. 'बायकांचा बाजार' नावाच्या मंडईमागच्या गल्लीत ल्युबेनची इमारत. भिंतींचं प्लास्टर गेलेलं, पण दार नवं, लोखंडी. दाराशेजारच्या कठड्याला पाहुण्यांसाठी किल्ली ठेवायच्या, आकड्यांच्या कुलपाच्या छोट्या छोट्या डब्या लटकवलेल्या, एकीला एक चिकटून, काळ्या गोचिडांसारख्या. घंटीच्या पाटीवर पूर्वी नावं असायची. आता आकडे होते. एकच नाव शिल्लक होतं, जांभळ्या शाईनं लिहिलेलं: त्रेंदाफिला.

"बघ, आहे म्हातारी!" वेनेताचा चेहरा उजळला. "हिनं माझ्या पोराला सूप घातलंय रे. मिलित्सा आजारी होती तेव्हा रोज." तिनं घंटी दाबली. पुन्हा दाबली. कान दाराला लावला. "बाजारात गेली असेल. येईल."

मग तिनं पिशवीतून पत्रक काढलं. काळी चौकट, ल्युबेनचा ट्रामच्या गणवेशातला फोटो, खाली 'एक वर्ष तुझ्याविना' आणि आईचं नाव. खळ तिनं घरूनच बाटलीत आणली होती. मी म्हटलं चिकटपट्टी घेऊ, तर म्हणाली चिकटपट्टीनं कुत्रा हरवल्याचे कागद लावतात. बोटांनी खळ फासली, दाराच्या बरोबर मधे पत्रक लावलं, आणि कोपरे कोटाच्या बाहीनं दाबत राहिली. हात निळे पडले होते तिचे.

घर तीनला उघडणार होतं. तोवर काय करायचं? हॉटेलात बसायचं तर काहीतरी मागवावं लागतं. तर आम्ही शहर बघितलं. लोक लांबलांबून येतात बघायला, आम्ही पण बघितलं. देवळात शिरलो, ते ऊब म्हणून. मग मेट्रोच्या भुयारात रोमन लोकांचे दगड मांडलेत ते बघितले. त्याला पैसे पडत नाहीत आणि वारा लागत नाही. वेनेता म्हणाली, "आपल्या गोठ्याचा पाया याहून बरा आहे." नंतर जुन्या स्नानगृहापाशी गेलो. तिथं जमिनीतून गरम पाणी येतं, नळ लावलेत, लोक कॅन भरून नेतात. वेनेतानं पातेलं दिवसात पहिल्यांदा माझ्या हातात दिलं आणि दोन्ही हात त्या पाण्याखाली धरून उभी राहिली. शेजारी पाठीवर पिशव्या लावलेली परदेशी पोरं पाण्याचा घोट घेऊन तोंडं वाकडी करत होती आणि त्याचे फोटो काढत होती. कॅन भरायला आलेली एक बाई ओरडली, "आजी, हात धुवायची जागा नाही ही, पाठीमागं लाइन आहे!"

"हात धूत नाही गं. हात आहेत का बघतेय."

ती बाई हसली. दिवसभरात आम्हाला बघून माणसासारखं हसलेली ती एकच.

तीनच्या सुमारास परत आलो तर ल्युबेनच्या दारात घोळका. वीसेक माणसं, सगळी परदेशी, रंगीत टोप्या, वाफाळलेली तोंडं. मध्ये लाल छत्री उंच धरून एक दाढीवाला पोरगा, आपलाच, इंग्रजीत काहीतरी सांगत होता आणि छत्रीच्या टोकानं पत्रकाकडं दाखवत होता. ल्युबेनच्या तोंडाकडं. सगळे हसले. मग फोन निघाले. एका पोरीनं तर पत्रकाशेजारी उभं राहून आपला फोटो काढून घेतला.

वेनेता थबकली. माझी बाही धरली. "नायदेन, एवढी माणसं? ल्युबेनच्या दारात?"

"थांब, विचारून येतो."

दाढीवाल्याला मी बाजूला घेतलं. "काय सांगत होतास रे यांना?"

"काही नाही आजोबा. आपल्याकडं मेलेल्यांची जाहिरात दारावर करतात ते. खांबावर, झाडावर, सगळीकडं. यांना वाटतं पोलिसांना हवे असलेले गुन्हेगार आहेत. जाम हसतात." तो आवाज खाली आणून म्हणाला, "फेरी मोफत असते ना, शेवटी टोपीत जे पडेल ते आपलं. या एका गोष्टीवर निम्मी टोपी भरते."

"तो माझा भाचा आहे."

"कोण?"

"तो. गुन्हेगार."

पोरगा लाल झाला. थंडीनं असेल. "माफ करा हं आजोबा," म्हणाला, आणि छत्री उंच करून सगळ्यांना घेऊन पुढच्या गल्लीत वळला. पोट सगळ्यांनाच आहे, मला माहीत आहे. पण त्या क्षणी ती छत्री मी कुठं घातली असती ते इथं लिहीत नाही.

वेनेता वाट बघत होती. "काय म्हणत होते रे?"

मी म्हणालो, "देव त्याला क्षमा करो, म्हणत होते. त्यांच्या भाषेत."

"सगळे?"

"सगळे."

तिनं क्रूस केला. "बघ. आणि तू म्हणत होतास मेलेल्याला काही पोचत नाही."

डबीत आकडे फिरवून किल्ली काढली, वर गेलो. ल्युबेनच्या घराला आता ल्युबेनचा वास नव्हता. लिंबाच्या फवाऱ्याचा होता. स्वयंपाकघराची भिंत पाडलेली. जेवायचं टेबल, ज्यावर तो बोटांनी ताल धरायचा, ते गेलेलं. त्याजागी एक उंच फळी आणि बारमध्ये असतात तसली दोन उंच स्टुलं. वेनेता त्यावर चढायला गेली, एकदा, दोनदा. मग सोडून दिलं. भिंतीवर दिव्यांची माळ, एक जुना रेडिओ, एक बंद घड्याळ, आणि खिळ्याला ल्युबेनची ट्रामची टोपी.

वेनेता टोपीखाली उभी राहिली. "ठेवलीय तिनं," म्हणाली. "मी उगाच वाईट चिंतत होते पोरीचं. ठेवलीय."

टोपीशेजारी तसल्याच खिळ्यावर एक गाईची घंटा होती आणि एक लाकडी चमचा. त्या दोघांचं कुणी मेलं नव्हतं.

दारामागं चार भाषांत नियम लिहिले होते. चौथी आमची. धूम्रपान नाही, मेणबत्त्या नाहीत, पाहुण्यांनी पाहुणे आणायचे नाहीत. वेनेतानं चष्मा लावून सगळे वाचले, चष्मा घडी करून ठेवला आणि खिडकीच्या फळीवर मेणबत्ती लावली. मग झाकण काढलं. साखरेचा थर गाडीत हललाही नव्हता. कागदी पेले काढले, प्रत्येकात दोन चमचे, वर एक मनुका. "चल," म्हणाली. "तू पातेलं धर, मी बोलते."

समोरच्या दारात दोन आडदांड पोरं, या थंडीत अर्ध्या चड्डीत, झोपेतून उठलेली. वेनेता म्हणाली, "माझ्या ल्युबेनचं वर्ष आहे रे बाळांनो." पोरांनी एकमेकांकडं बघितलं. एकानं पेल्यात बोट घालून साखर चाटली, अंगठा वर केला, आणि आत जाऊन परत आला तो हातात नाणं घेऊन. पातेल्याच्या झाकणावर ठेवलं त्यानं. टण्ण वाजलं. वेनेतानं नाणं उचलून त्याच्या खिशात परत घातलं, तर त्याला वाटलं कमी पडलं. त्यानं आणखी एक काढलं.

"नायदेन, सांग याला."

"काय सांगू? मला रशियन येतं. याला ते येत नाही."

खालच्या मजल्यावर एका बाईनं अक्रोड बघितल्याबरोबर स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरला, डोळे फिरवले, मरून दाखवलं आणि दार लावलं. त्याखाली एक जोडपं, गोड होतं बिचारं; दोघांनी खाल्लं, डोळे मिटून माना डोलावल्या, वेनेताला मध्ये घेऊन फोटो काढला, तिच्या गालाचा मुका घेतला. वेनेता त्यांच्या तोंडाकडं बघत थांबली होती. खाऊन झालं की ते शब्द येतात, आपसूक येतात, लहान पोरालासुद्धा येतात. ते दोघं नुसते हसत उभे. तिनं स्वतः म्हणून दाखवलं, हळूहळू, शाळेत शिकवतात तसं: "देव. त्याला. क्षमा करो." पोरगी टाळ्या वाजवून काहीतरी म्हणाली आणि आणखी एक पेला मागितला.

बाकीची दारं उघडलीच नाहीत. तळमजल्यावर त्रेंदाफिलाच्या दाराला पण कठड्याला होती तसली डबी लटकत होती. वेनेतानं ती हातात घेऊन बघितली आणि सोडून दिली.

आम्ही वर येऊन बसलो, मी पलंगावर, ती खिडकीच्या फळीला टेकून. थोड्या वेळानं दारात किल्ली फिरली. मिलित्सा. धापा टाकत, गळ्यात मफलर, हातात फोन.

"खालून दिसली, मेणबत्ती कुणी...?" आणि मग तिनं आम्हाला बघितलं. "आई?"

"ये," वेनेता म्हणाली. "तुझ्याच घरात तुला ये म्हणते."

"नायदेन मामा, तुम्ही? ते बुकिंग तुम्ही केलंत? चोरून?"

"चोरून कसं? पैसे भरलेत. पावती हवी?"

"अहो मग मला सांगायचं! मी..."

"सांगितलं होतं," वेनेता म्हणाली. "तेव्हा घर भरलं होतं."

मिलित्सानं मफलर ओढून काढला. "बरं. भरलं नव्हतं. खोटं बोलले. का बोलले विचारा ना! गेल्या वेळी तुमच्या इथल्या नणंदेनं सहा महिन्यांचं पत्रक लावलं खाली. आठवडाभर एकही पाहुणा राहिला नाही. आला तो दारावर तोंड बघून परत. आणि आज तुम्ही पुन्हा! मी काय खाऊ, आई? आठवणी खाऊ? या जिन्यात आता घरं उरलीत कुठं? सगळी दुसऱ्यांची, सगळ्यांच्या चादरी मी धुते. सगळ्यांच्या!"

"आणि त्रेंदाफिला?"

"वृद्धाश्रमात. तिच्या मुलानं घर माझ्याकडं दिलंय बघायला."

"नाव आहे खाली."

"राहू दिलंय. पाहुण्यांना आवडतं, जुनं वाटतं."

वेनेतानं मान हलवली. "असू दे. शेजारी नाहीत तर नाहीत. पण लोकांनी म्हटलंय. खाली दारात वीस माणसं उभी होती, सगळ्यांनी म्हटलं. नायदेननं ऐकलं."

मी मिलित्साकडं बघून मान हलवत होतो, नको, नको. पण ती फोनमध्ये बघत होती. "वीस माणसं? ती छत्रीवाल्याच्या फेरीतली? आई, ती लोकं..." तिनं फोन वेनेतापुढं धरला. "हे बघा. तासाभरापूर्वी टाकलंय कुणीतरी. तुमच्या मुलाचा फोटो आणि शेजारी ही पोरगी जीभ बाहेर काढून. खाली काय लिहिलंय वाचू? 'या इमारतीत खोली घेतली तर भूत मोफत.' तीनशे लोक हसलेत. आता कळलं मी का काढते पत्रकं? कळलं? मला काय तो परका होता?"

वेनेतानं फोनकडं बघितलं, बराच वेळ. मग माझ्याकडं. शिव्या देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सगळे म्हणत होते म्हणालास."

मी खिडकीबाहेर बघितलं. मेणबत्ती निम्मी जळली होती.

तेवढ्यात मिलित्साचा फोन वाजला, मग लगेच पुन्हा. ती वाचायला लागली. आधी कपाळावर आठी, मग आठी गेली. "हे खालचं जोडपं," ती हळू म्हणाली. "विचारतायत, ती गोड आजी उद्या सकाळी पण येणार का. म्हणतायत, आख्ख्या प्रवासात असं काही... पाच चांदण्या दिल्यात. तुमचा फोटो टाकलाय." तिनं पातेल्याकडं बघितलं. "खूप उरलाय, नाही?"

"उरलाय."

"आई, मी एक म्हणू? रागावू नका. तुम्ही महिन्यातून एकदा आलात तर... असाच करून. तुमचं गाडीभाडं मी बघेन, राहायला हे घर आहेच, जेव्हा रिकामं असेल तेव्हा. मेणबत्तीपण लावा, मी काही म्हणणार नाही. ल्युबेनचं नावही होईल आणि..."

"आणि?"

मिलित्सा थांबली. खोटं कशाला बोलू, ती वाईट बाई नाही. तिचे हात वेनेताच्या हातांसारखेच फुटले होते, साबणानं. पण ते वाक्य तिनं अर्धं म्हटलं होतं आणि उरलेलं अर्धं खोलीत सगळ्यांना ऐकू आलं होतं.

वेनेता उठली. एक पेला भरला. वर दोन मनुका ठेवल्या. "आधी खा," म्हणाली.

मिलित्सानं उभ्या उभ्या चमचा तोंडात घातला. चावता चावता तिची हनुवटी हलायला लागली. "अक्रोड जास्त घातलेत," तिचा आवाज फाटला. "त्याला जास्त लागायचे."

"हो."

"मी विसरले होते."

"म्हण आता," वेनेता म्हणाली. किती हळू म्हणाली. "तू म्हटलंस तरी पुरे. तुझ्या एकटीच्या तोंडून आलं तरी मी परत जाईन. म्हण, बाई."

मिलित्सानं तोंड पुसलं. टोपीकडं बघितलं. ओठ उघडले तिनं, मी बघितलं, 'देव'मधल्या 'दे'पर्यंत आले होते. आणि फोन वाजला. या वेळी कुणीतरी बोलायलाच फोन केला होता. तिनं एक बोट वर केलं, एक मिनिट, आणि इंग्रजीत बोलत, तोंडात अजून गहू, जिन्यात गेली. बोलत बोलत एक मजला उतरली, मग दुसरा. परत येईल म्हणून वेनेता दाराकडं बघत उभी होती. खालचं लोखंडी दार आपटल्याचा आवाज वर आला.

मी खिडकीतून बघितलं. मिलित्सा फोन कानाशी धरून दारासमोर उभी होती. बोलणं संपलं तसा तिनं फोन खिशात टाकला आणि नखानं पत्रकाचा कोपरा उचलला. थंडीत खळ वाळलीच नव्हती. आख्खं पत्रक अलगद सुटलं. चुरगळेल, टाकेल असं मला वाटलं. तिनं ते चार घड्या करून पर्समध्ये ठेवलं आणि डोकं खाली घालून बाजाराच्या बाजूला निघून गेली. हे मी वेनेताला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते मिलित्साच्या बाजूनं पडलं असतं की विरुद्ध, मला अजून ठरवता आलेलं नाही.

सकाळी निघालो. दारावर मधोमध एक ओला चौकोन होता, गोठलेला. वेनेतानं त्यावरून हात फिरवला नाही की काही नाही. पातेलं तिनं पिशवीत टाकलं होतं, शाल स्वतःच्या अंगावर घेतली होती. स्टेशनकडं जाताना ट्राम आली तर ती सरळ चढली. मी मागून.

गाडीत या वेळी गरम डबा मिळाला. पातेलं तिनं पायाशी ठेवलं. शहर मागं पडलं, नदीकाठचे कडे सुरू झाले, तसं तिनं ते वर घेतलं, झाकण काढलं आणि खायला लागली. चमच्यानं, सावकाश, जेवण जेवल्यासारखं. ज्याच्या घरचं मयत त्यानं असा पोटभर गहू खायचा नसतो. मी तिच्याकडं बघितलं. तिनं बघितलं नाही. मनुकांच्या क्रूसाचं जे राहिलं होतं ते अर्धं मोडलं, मग उरलेलं मोडलं.

टीसी कालचाच होता. "अरे, आजी!" त्यानं लगेच टोपी काढली. "झालं का सगळं नीट? उरलाय ना थोडा? आता तर देता येईल मला." आणि कालच्यासारखाच तळवा वर करून हात पुढं केला. "नाव काय म्हणालात मुलाचं?"

मी पुढं वाकलो. नाव माझ्या तोंडात आलं होतं. वेनेतानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबला.

"कुणाचं नाही," ती टीसीला म्हणाली. "नुसता खाऊ आहे. घ्या."

टीसी गोंधळला. माझ्याकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. टोपी परत डोक्यावर ठेवली. मग चमचाभर गहू तोंडात टाकला, चावला, आणि मिशी पुसत म्हणाला, "छान झालाय."